शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातली कपात नेमकी कुठे दिसते?

प्रश्न : समिती अध्यक्षा, पारशिवनी तालुका

सर्वांना नमस्कार. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्षा आहे. शाळा पहिली ते पाचवी, पट १७, शिक्षक दोन. गेल्या आठवड्यातल्या बैठकीत आम्हाला सांगण्यात आले की पुढील वर्षी वेतनेतर, म्हणजे पगार सोडून इतर, खर्चाला आणखी कात्री लागण्याची चिन्हे आहेत, तेव्हा समितीने आतापासूनच लोकसहभागाची तयारी ठेवावी. त्याच दिवशी घरी बातम्यांत ऐकले की शिक्षणावरची तरतूद दरवर्षी वाढतेच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला समजून घ्यायचे आहे.

मी मोबाइलवर राज्याच्या अंदाजपत्रकाची पुस्तके उघडून पाहिली. '२२०२ सामान्य शिक्षण' हे लेखाशीर्ष (खर्च ज्या नावाखाली व क्रमांकाखाली दाखवतात ते) सापडले, परंतु पुढे इतक्या ओळी आणि इतके आकडे आहेत की आमच्या शाळेपर्यंत पोहोचणारा रुपया त्यातला कोणता, ते काही कळेना.

लोकसहभाग म्हणजे काय, ते मात्र आम्हाला चांगलेच कळले आहे. नोव्हेंबर २०२३ पासून शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे, मिळू लागले होते. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्याचे पदार्थ ऐच्छिक झाले आणि अंड्यासाठी व साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, तो समितीने लोकसहभागातून उभा करावा, असे ठरले. त्यानंतर एक महिना ग्रामपंचायतीने पैसे दिले, दोन वेळा वाढदिवसाच्या निमित्ताने पालकांनी दिले. गावात धान कापणीची मजुरी हातात आली की डब्यात पैसे पडतात, एरवी डबा रिकामाच असतो. बुधवारी स्वयंपाकी ताई भात उतरवतात तेव्हा दुसरीतला एक मुलगा अजूनही 'आज अंडं आहे का' असे विचारून जातो. त्या ताईंना स्वतःला महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे आणि तेही वेळेवर येतेच असे नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे वर्गणीचा विषय काढायलाही संकोच वाटतो.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आले आहे. त्याआधी समिती म्हणून आम्ही काय वाचावे, काय विचारावे आणि कोणाला विचारावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, नागपूर

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. एकूण आकडा वाढत असतानाही शाळेच्या हाती येणारा पैसा कमी होऊ शकतो, आणि शिक्षण खात्यात बहुधा तसेच होते. कारण या खात्याच्या खर्चाचा फार मोठा भाग वेतनाचा आहे. महागाई भत्ता आणि वार्षिक वेतनवाढ धरून तो आपोआप वाढतो. त्यासाठी कोणी शिक्षणावर विशेष कृपा करावी लागत नाही. बातमीत जी वाढ सांगितली जाते ती प्रामुख्याने हीच असते.

पुस्तक उघडल्यावर लेखाशीर्षाच्या सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे उद्दिष्टशीर्षावर, नजर ठेवा. तिथे '३६ सहायक अनुदाने (वेतन)' आणि '३१ सहायक अनुदाने (वेतनेतर)' अशा दोन ओळी वारंवार दिसतील. आम्ही कार्यालयात नुसते 'छत्तीस' आणि 'एकतीस' म्हणत असू. छत्तीसला कोणी सहसा हात लावत नाही, कारण पगार थकला की लगेच मोर्चा निघतो आणि न्यायालयात प्रकरण जाते. एकतीसमध्ये खडू, वीजबिल, दुरुस्ती आणि सादिल, म्हणजे किरकोळ खर्च, असतो. त्यांच्यासाठी मोर्चा काढणारा कोणी नसल्यामुळे काटकसरीचा आदेश आला की पहिला बळी एकतीसचा जातो. सेवेच्या काळात अशा आदेशांवर टिपण्या मीही लिहिल्या आहेत, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट रकान्यांची. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात : सरलेल्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. भाषणात चौथा रकाना वाचला जातो, पण तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. मार्चमध्ये शंभर रुपये दाखवून पुढच्या मार्चमध्ये सुधारित अंदाज सत्तर केला, तर तीस रुपयांची कपात झाली. तिची घोषणा कोणी करत नाही, कारण तोवर पुढच्या वर्षाचे नवे शंभर रुपये जाहीर झालेले असतात.

तिसरी कपात तर पुस्तकातही सापडत नाही. विधिमंडळाने तरतूद मंजूर केली म्हणजे पैसा सुटला, असे नव्हे. वर्षभरात कोणत्या खर्चासाठी किती टक्के निधी वितरित करायचा, हे वित्त विभाग परिपत्रकाने ठरवतो आणि बीम्स या संगणकीय प्रणालीवर तेवढीच रक्कम खाली उतरते. उरलेली रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये आली, तर ती खर्च करायला दिवस उरत नाहीत आणि ३१ मार्चला ती व्यपगत होते, म्हणजे परत जाते. मग पुढच्या वर्षी वरून विचारणा येते की मागच्या वर्षीचाच निधी तुम्ही खर्च केला नाही, तर वाढीव कशाला मागता?

तुमच्या शाळेला थेट लागू असलेला आकडाही सांगतो. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. त्यातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये. म्हणजे पट ३१ वरून ३० वर आला की त्या एका मुलाबरोबर १५,००० रुपयेही शाळेतून जातात, मग छत तेवढेच गळत असो आणि खोल्या तेवढ्याच झाडाव्या लागत असोत. तुम्हाला मिळणाऱ्या १०,००० पैकी १० टक्के स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक आहे. उरलेल्या ९,००० मध्ये वर्ष काढायचे. आता तुमच्या अंड्यांचा हिशेब करू. १७ मुले, अंडे सात रुपयांना धरले तर आठवड्याला ११९ रुपये, आणि पस्तीस आठवडे धरले तर ४,१६५ रुपये. शासनाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे, पण तुमच्या संपूर्ण वार्षिक अनुदानाच्या चाळीस टक्क्यांहून ती जास्त होते. 'लोकसहभाग' हा शब्द कोणत्याही लेखाशीर्षात नसतो. अंड्यांचा खर्च नाहीसा झालेला नाही, फक्त तो शासनाच्या पुस्तकातून निघून तुमच्या गावच्या डब्यात आला आहे.

उत्तर : अंशतः अनुदानित शाळेतील शिक्षक, उमरेड

लेखाधिकारी साहेबांनी वेतनाच्या ओळीला कोणी हात लावत नाही असे लिहिले आहे. ते पूर्ण अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांपुरते खरे आहे. आमच्यासारख्या, वेतन अनुदानाच्या २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यांवर अडकलेल्या शाळांचा अनुभव वेगळा आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या शासन निर्णयाने आम्हाला वाढीव २० टक्क्यांचा टप्पा जाहीर झाला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता त्यानंतर लगेचच लागली. निर्णय कागदावर होता, मात्र त्यासाठी निधीची तरतूद नव्हती, आणि तरतूद नसलेल्या निर्णयाचे देयक कोषागारात जात नाही. अखेर जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर, भर पावसात, शिक्षकांना बसावे लागले, तेव्हा कुठे हालचाल झाली.

म्हणून ताई, शासन निर्णय हाती आला की सर्वप्रथम शेवटचा परिच्छेद वाचत जा. 'यासाठी होणारा खर्च अमुक मागणी क्रमांक, अमुक लेखाशीर्षाखाली मंजूर तरतुदीतून भागवावा' असे वाक्य तिथे असेल तर पैसा येण्याची शक्यता आहे. 'उपलब्ध निधीतून', 'लोकसहभागातून' किंवा 'सामाजिक उत्तरदायित्व निधीतून' असे शब्द असतील तर पैसा येणार नाही असेच समजून चालावे. अभिनंदनाचे फलक मात्र दोन्ही प्रकारच्या निर्णयांनंतर सारखेच लागतात.

उत्तर : करदाता, हिंगणा रोड

इथल्या चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही, ती मांडतो. कोणाला राग येऊ नये. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकूण खर्च ७,००,०२० कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली होती. एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. अशा स्थितीत प्रत्येक खात्याला हात आखडता घ्यावा लागणार, हे उघड आहे. २० पेक्षा कमी पटाच्या राज्यात १४,७८३ शाळा असल्याचे शासनानेच २०२३ मध्ये, समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा, सांगितले होते. सतरा मुलांसाठी दोन पूर्णवेळ शिक्षक ठेवण्यापेक्षा चार-पाच गावांची एक चांगली शाळा केली, तिथे प्रयोगशाळा, मैदान, इंग्रजी शिकवणारा माणूस दिला आणि मुलांना गाडीने नेले-आणले, तर मुलांचेही भले आणि तिजोरीचेही भले होणार नाही का? पानशेत आणि तोरणमाळ येथे असे प्रयोग झालेले आहेत. एका वर्गात तीन मुले बसून शिकतात, त्यांना बरोबरीचे मित्रही मिळत नाहीत. ही गोष्ट शाळेवरच्या प्रेमापोटी आपण बोलत नाही, एवढेच.

उत्तर : मुख्याध्यापक, रामटेक तालुका

हिंगणा रोडच्या सद्गृहस्थांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. तीन मुलांच्या वर्गात गटकार्य होत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, आणि ज्या दिवशी दोघे गैरहजर असतात त्या दिवशी उरलेल्या एकाला शिकवताना शिक्षकालाही अवघडल्यासारखे होते. पण बचतीचा हिशेब ते मांडतात तितका सरळ नाही.

समजा ताईंची शाळा बंद केली. दोन्ही शिक्षक कायम सेवेत आहेत; त्यांचे समायोजन दुसऱ्या शाळेत होईल आणि पगार चालूच राहील. वाचतील ते संयुक्त अनुदानाचे १०,००० रुपये. दुसरीकडे समग्र शिक्षाच्या निकषाप्रमाणे वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे. सतरा मुलांचे १,०२,००० होतात. म्हणजे पहिल्या वर्षी बचत होण्याऐवजी खर्चच वाढेल. खरी बचत होते ती पुढे, जेव्हा निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची जागा भरली जात नाही तेव्हा. वेतनावरची कपात ही अशी येते : अंदाजपत्रकातून नव्हे, तर संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्यातून. १५ मार्च २०२४ च्या सुधारित निकषांनी सहावी ते आठवीच्या वीसपेक्षा कमी पटाच्या वर्गांना नियमित शिक्षकाचे पद मिळेनासे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक दरमहा १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला. शिक्षक सामूहिक रजेवर गेले, मोर्चे निघाले, आणि पुढे तो मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला तरी त्यामागचा हिशेब कोणी पुसून टाकलेला नाही, असे माझे मत आहे.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. पेंचच्या बाजूला हा एक किलोमीटर नकाशावर आणि पायाखाली सारखा नसतो. पावसाळ्यात नाला भरला की शेजारचे गाव दूर जाते, आणि जंगलालगतच्या वाटेवरून सकाळी लहान मुले एकटी पाठवायला पालक तयार होत नाहीत. गाडी सुरू झाली तरी भत्ता आधी मिळत नाही. आधी पालक किंवा शिक्षक गाडीवाल्याला सांभाळतात, पैसे मागाहून येतात. तोवर मोठ्या मुली घरी बसलेल्या असतात.

आता ताईंना उपयोगी पडेल असे थोडे. लेखाधिकारी साहेबांनी मार्चच्या गर्दीबद्दल लिहिले, ती आमच्या टेबलावर कशी दिसते ते सांगतो. समग्र शिक्षाचे आमचे खाते शून्य शिलकीचे असते. त्यात पैसे येत नाहीत, 'लिमिट' येते. म्हणजे अमुक रकमेपर्यंत तुम्ही दुकानदाराच्या नावे पोर्टलवरून आदेश काढू शकता, एवढी मुभा. एका वर्षी आमच्या शाळेची लिमिट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. दुकानदाराची नोंद पोर्टलवर करायची, देयक टाकायचे, आदेशाचा कागद छापून, अध्यक्षांची आणि माझी सही घेऊन बँकेत द्यायचा. त्या आठवड्यात पोर्टल दिवसा उघडत नव्हते, म्हणून मी रात्री दोन वाजता मुलाच्या लॅपटॉपवर बसलो होतो. सही घ्यायला अध्यक्षांच्या शेतावर गेलो, कागद बँकेत दिला, आणि दोन दिवसांनी पाहिले तर लिमिट परत गेलेली. खडू, झाडू, सतरंज्या उधारीवर आधीच घेतलेल्या होत्या. त्या दुकानदाराचे ४,३०० रुपये मी माझ्या पगारातून दिले. कागदोपत्री त्या वर्षी आमच्या शाळेने 'निधी अखर्चित ठेवला'.

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, नागपूर

मुख्याध्यापकांनी लिहिलेला प्रसंग मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अनेकदा पाहिला आहे. आमच्याकडे त्या ४,३०० रुपयांची कुठेही नोंद होत नसे. खर्च शून्य, शिल्लक पूर्ण, शेरा 'उदासीनता'.

समितीने काय करावे, हा ताईंचा प्रश्न राहिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे, आणि शासनाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या कागदावर साल बदलून तो सादर होतो. तुम्ही तसे करू नका. वर्षभरात लोकांनी, शिक्षकांनी, ग्रामपंचायतीने शाळेसाठी जो पैसा घातला तो तारखेनिशी लिहा. अंडी, वीजबिल, दुरुस्ती, उधारी, सगळे. समितीच्या सभेत ठराव करून तो तक्ता आराखड्याला जोडा आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. त्याच अर्जात विचारा की चालू वर्षी तुमच्या शाळेला मंजूर अनुदान किती, लिमिट कोणत्या तारखेला आली आणि मागच्या वर्षी किती परत गेली. उत्तर आले नाही तर हेच तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. प्रश्न लहान आणि तारखा मागणारे असावेत. 'शिक्षणाकडे दुर्लक्ष का' असे विचारले तर उत्तरही तसेच मोघम येते.

अधिवेशनाबद्दल : नागपुरात मुख्य अंदाजपत्रक मांडले जात नाही, ते मार्चमध्ये मुंबईत. इथे डिसेंबरमध्ये पुरवणी मागण्या, म्हणजे चालू वर्षासाठीच्या जादा तरतुदीच्या मागण्या, येतात. त्यात शालेय शिक्षण विभागाची मागणी पाहा. एकतीसखाली काही वाढवून मागितले आहे का, तेवढेच पाहिले तरी पुरे. तुमच्या आमदारांना भेटायचे असेल तर अधिवेशनाच्या आठवड्यात विधान भवनाबाहेर गर्दीत उभे राहण्यापेक्षा आधीच गावाकडे गाठा आणि तो तक्ता हातात द्या. यशवंत स्टेडियमवर धरणे धरणाऱ्या संघटनांकडे वेतनाचे आकडे तोंडपाठ असतात; अंड्याचा आणि सतरंजीचा आकडा त्यांच्याकडेही नसतो.

समिती अध्यक्षा, पारशिवनी तालुका

सर्वांचे मनापासून आभार. हिंगणा रोडच्या दादांचा राग आलेला नाही. मलाही दरमहा लाडकी बहीणचे ते १,५०० रुपये मिळतात आणि गेल्या पावसाळ्यात त्यातलेच काही अंड्यांच्या डब्यात गेले, तेव्हा हिशेब फिरून तिथेच आला म्हणायचा.

काल मुख्याध्यापिका बाईंसोबत बसून वर्षभराची वही काढली. शाळेची अधिकृत नोंदवही वेगळी आणि ही शंभर पानी वही वेगळी. ती बाई स्वतःपुरती ठेवतात. मागच्या जूनपासून त्यांनी आणि दुसऱ्या गुरुजींनी मिळून ६,८५० रुपये घातलेले निघाले. त्यात मोटार दुरुस्ती, शौचालयाच्या दाराची कडी, छपाईची शाई आणि पंचवीस डिसेंबरच्या सहलीला एका मुलाचे भाडे होते. बाई म्हणाल्या, सहलीचे लिहू नका, ते मी माझ्या मनाने दिले. बाकीचे तारखेनिशी उतरवून घेतले आहे. लोकांकडून आलेले वेगळ्या पानावर लिहिले. ते ३,२०० भरले.

एकच शंका राहिली. शिक्षकांनी पदरचे घातलेले पैसे तक्त्यात दाखवले, तर 'विनापरवानगी खर्च केला' म्हणून उद्या त्यांनाच नोटीस यायची, अशी भीती बाईंना वाटते. ते कोणत्या शीर्षकाखाली लिहावे?

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, नागपूर

भीती अनाठायी नाही. शिक्षकांची नावे लिहू नका. 'अनुदान प्राप्त न झाल्याने समितीने अन्य मार्गाने भागविलेला खर्च' असे शीर्षक द्या, ठराव समितीच्या नावाने करा आणि सही अध्यक्षा म्हणून तुमची असू द्या. नोटीस आलीच तर ती समितीला येईल, आणि समितीच्या पगारातून कापायला काही नसते.